खंडेनवमीचा मामा

३ ऑक्टोबर १९७४, सांगली
आज पुन्हा नोटीस बोर्डापुढं गर्दी. या खेपेला फौंड्रीतली माणसं कमी केली. आमचा मशीन शॉप अजून शाबूत. पण सगळेच भलते गुणी झालेत. झाडलेली फरशी पुन्हा झाडतात. एकजण अंगात ताप घेऊन कामावर. म्हणे, रजेवर असताना नाव लागलं तर? पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांनी एकत्र डबे उघडले, पण कुणी कुणाची भाजी पळवेना. शेवटी माझ्याच लेथवरचे, पहिल्या पाळीचे बापू ओरडले, "आरं, नोकरी जायची तवा जाईल. वांग्यानं काय घोडं मारलंय?" मग हसले सगळे. मी दोन घास जास्तच खाल्ले.

१० ऑक्टो.
बापूंचं नाव लागलं.
पहिल्या पाळीला बापू, दुसरीला मी, लेथ एकच. मी हेल्पर होतो तेव्हा मला हत्यार धरायला त्यांनी शिकवलं. पण ते आधी साताऱ्याला होते, इथं माझ्यानंतर लागले. म्हणून शेवटी लागला तो आधी बाहेर, या नियमानं ते बाहेर, मी आत. दुसरी पाळी बंद. आता पहिली माझी.
यादीत माझं नाव नाही हे बघून आधी हायसं वाटलं. मग लाज वाटली. जेवलो नाही.

१५ ऑक्टो.
बापू घरी आले होते. मिरजेत सतारीच्या कारखान्यात काम विचारून आले. "मालक म्हनला, सतारीचा भोपळा कोरता येतो का? म्हनलं, लोखंड कोरतो. म्हनला, मग ऱ्हाऊ द्या, आमचा भोपळा जगू दे." आमची ही, शालन, चहा गाळता गाळता हसली, अर्धा चहा चुलीपुढं. बापू गेल्यावर म्हणाली, "आवं, दाढी केली नव्हती त्यांनी." माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

१९ ऑक्टो.
खंडेनवमी आली. दर वर्षी जो तो आपापलं मशीन पुसतो, हार घालतो, नारळ फोडतो. बायकापोरं बघायला येतात. यंदा गेलेल्या माणसांच्या मशीनवर ताडपत्र्या. त्यांना हार कोण घालणार? फोरमन म्हणाला, "बंद मशीनची पूजा नाही. बाहेरचा माणूस आत नाही. घरची माणसं आणा पाहिजे तेवढी."
बापूंना सांगितलं. म्हणाले, "वर्साचं एकदा हात जोडायचं, तेबी न्हाई?" मान फिरवली.
घरची माणसं पाहिजे तेवढी. सुट्टीत सगळ्यांशी कुजबुजलो. डोळे चमकले लोकांचे!

खंडेनवमी
काय दिवस गेला! गेटवर वॉचमनची विचारपूस. "हे कोण?" "मामा." बापूंनी फेटा नाकापर्यंत ओढलेला. मागं बाकीचे काढलेले, कुणाचा साडू, कुणाचा मेव्हणा बनून, आणि एकाचे सासरे, जावयापेक्षा वयानं लहान. वॉचमन गेली कित्येक वर्षं बापूंशी तंबाखू मळतो. गंभीरपणे म्हणाला, "मामा, लय वाळलासा." सोडलं आत.
भराभर ताडपत्र्या निघाल्या. बापू आपल्या लेथशी. रॉकेलचा बोळा घेऊन लेथचा फिरता चक पुसताहेत, पुसताहेत, थांबेनात. तेवढ्यात मोठे साहेब फेरीवर.
"हे कोण?"
"मामा, साहेब."
"मामांना लेथ पुसायची बरीच सवय दिसते."
"भाच्याची हाय न्हवं, सायेब," बापू म्हणाले.
आधी साहेबच हसले. मग अख्खा शॉप. कित्येक दिवसांत असा गलका नव्हता. जाताना साहेबांनी बापूंच्या हातावर स्वतः पेढा ठेवला, तेव्हा मात्र हसत नव्हते.

२९ ऑक्टो.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "मामा आणायची कल्पना कुणाची?" म्हटलं, माझी. वाटलं, संपलं.
आणि तोंडातून निघून गेलं. की साहेब, लेथ एक आहे, माणसं दोन. आठवड्यात तीन दिवस बापू, तीन दिवस मी. काढू नका कुणाला.
"पगार निम्मा होईल."
"होय."
"घरी विचारलंस?"
नव्हतं विचारलं. साहेब म्हणाले, "आधी विचार. मग मी मुंबईच्या मुख्य कचेरीला लिहितो. ते ऐकतील असं नाही."

३० ऑक्टो.
शालनला सांगितलं. भाकरी थापायची थांबली. "निम्म्यात भागंल?"
"नाही."
तव्यावरची करपलेली भाकरी खाली उतरवली. मग म्हणाली, "कोरेगावासनं माज्या आईकडचं जोंधळं आणू. पन बापूंना इचारलंसा का?"
तेही नव्हतं विचारलं. धन्य मी.

२ नोव्हें.
साहेबांनी मुंबईला लिहिलं. उत्तर नाही. बोर्डावर नव्या यादीची कुजबुज. रात्री नीट झोप लागत नाही, खरं सांगायचं तर.
आज दोघं बापूंकडं गेलो. ऐकून जे उसळले! "तुझ्या पोराच्या तोंडचा घास खाऊ व्हय रं? चालता हो!" शालन उठेना. मग मीही बसलो. बापूंच्या घरच्यांनी चहा दिला. बापू बशी फुंकत राहिले, चहा केव्हाच निवला होता.
मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोमवार कुनाचा?"
"तुमचा," मी म्हटलं.