वरच्या सप्तकातले चार सूर

३ फेब्रुवारी, रविवार

ती. आत्यास,
खारूचा सा. न. वि. वि.

पत्र लांबलं म्हणून फुगली असशील, तर आधी राग गिळ आणि मग पुढे वाच. या वसतिगृहात निवांत लिहायला एकच जागा आहे, जिन्याखालची, आणि तिथे कायम कोणाचे तरी ओले बूट वाळत पडलेले असतात. फोन आहे तो रेक्टरबाईंच्या टेबलावर. बोलणाऱ्या मुलीपेक्षा त्याच जास्त मन लावून ऐकतात. आणि तुझ्या दुकानात पन्नास पेट्या वाजतात, पण फोन काही वाजत नाही!

मोठी बातमी अशी की रविवारी, २४ तारखेला, हॉकीच्या निवडीचा सामना आहे. निवड समितीचे तिघे बघायला येणार. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही, म्हणजे काय ते याच सामन्यात. सर म्हणाले की गोल तुझाच. संघातल्या पोरी मला भिंत म्हणतात. घरी खार आणि इथे भिंत, मधलं काही माझ्या नशिबातच नाही.

लोकांना वाटतं गोलकीपरचं काम डोळ्यांचं. साफ चूक. समोर सातआठ जणींचे पाय असतात, चेंडू दिसतो कुठे? मी ऐकते. स्टिक चेंडूला नीट लागली की टक् असा कोरडा आवाज येतो, फसली की थप्प. वर उडणाऱ्या चेंडूचा आवाज आणखी निराळा. तू मला लहानपणी दुकानात स्टुलावर बसवून कुठला सूर चढा, कुठला उतरा ते विचारायचीस ना, त्याचा असा उपयोग होईल असं तुला वाटलं होतं का? चेंडू लांब असला की मी हेल्मेटमध्ये गुणगुणत असते. सरांना वाटतं मी देवाचं नाव घेते.

मंगळवारी सरावात बुलेटचा एक फटका हेल्मेटवर बसला, डाव्या बाजूला. बुलेट म्हणजे आमचीच बचावातली, तिच्या हाताला दयामाया नाही. थोडे तारे दिसले, मग उठले आणि पुढचे तीन अडवले. घरी सांगू नकोस. हॉकी म्हटलं की बाबांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे तुला मी काय सांगू.

आता कामाचं. इथल्या सभागृहातली पेटी या आठवड्यात अचानक बिघडली. वरच्या सप्तकातले ओळीनं चार सूर दोन-दोन तोंडांनी बोलतात. एक खरा आणि त्याला चिकटून एक चढा. गाण्याच्या बाईंना पत्ताच नाही, त्या खुशाल वाजवतात. मला ऐकवत नाही. तुझी छोटी कानस पाठव, मी करते सरळ. आपल्या घराण्याचं नाव खराब करणार नाही.

लोभ आहेच, कानसीबरोबर थोडा आणखी पाठव.
तुझी,
खारू


८ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि एकदा गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. तो बिचारा भाता शिवून घ्यायला आला होता, त्याला अर्धा तास तुझी हॉकी ऐकावी लागली. बाईंना न कळलेला सूर तुला कळतो, हे वाचून माझी मान ताठ झाली. तुझ्या बाबाला हा कान मिळाला नाही. माझ्या वडिलांचा मला आला आणि माझा तुला.

कानस पाठवते आहे. नीट लक्षात ठेव. पितळेची पट्टी टोकाशी घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. एका वेळी एकच हलका हात, मग लावून ऐकायचं. घासलेलं पितळ परत येत नाही. खाली कागद घालून पट्टी उचलून धर, नाहीतर वाकेल.

एक मात्र चमत्कारिक वाटतं. शेजारशेजारचे चार सूर एका आठवड्यात कसे बिघडले? आत पाणी गेलं का, कोणी पेटी पाडली का, बघ. पण तुला ऐकू येतंय म्हणजे असणारच.

डोक्याला लागलं होतं तिथे टेंगूळ आहे का? बाबाला सांगितलेलं नाही. खात जा आणि ओल्या केसांनी मैदानावर जाऊ नकोस.

तुझ्या विजयाची वाट बघणारी,
आत्या


१३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीवर मोठा अन्याय झाला आहे. सोमवारी दुपारी सभागृह रिकामं होतं तेव्हा तू सांगितलंस अगदी तसं केलं. चारही सूर मुळाशी घासून खाली आणले. मला ते आता बरेच बरे लागतात, पूर्ण नाही. आणि काल बाईंनी पेटी उघडली तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझ्या पेटीला कोणी हात लावला, म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला उभं केलं. परवापर्यंत पेटी उत्तम होती म्हणाल्या! वर्गातल्या गाणाऱ्या तिघीही त्यांच्याच बाजूनं. मी कबूल झाले नाही. एवढ्या जणींना एकाच वेळी ऐकू येईनासं झालं, असं कधी होतं का गं?

मला आता सगळंच खटकायला लागलं आहे. भोजनगृहातला रेडिओसुद्धा वर गेला की दोन तोंडांनी बोलतो. काल बसचा हॉर्न, आज सरांची शिट्टी. सगळं गावच एकदम बेसूर झालं की काय, कोण जाणे. शिट्टीचं तर असं झालं की ती कुठून आली तेच कळलं नाही, मी उलट्या बाजूला वळले. पोरी हसल्या. मीही हसले.

सकाळी उठलं की डोकं जड असतं. जागरण होत नाही, तरीही. सामन्याची धास्ती असेल. अकरा दिवस उरले. बुलेट म्हणते तू हल्ली हाक मारली तरी बघत नाहीस, शिष्ट झालीस. तिला काय माहीत, मी किती लक्ष देऊन असते ते.

बाबांना यातलं काही कळता कामा नये. तुझी शपथ नाही घालत, तुझा शब्द मागते.

लोभ वाढता ठेव, सध्या फार गरज आहे.
तुझी,
खारू


१७ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
अनेक आशीर्वाद.

आज चेष्टा नाही. हे पत्र बसून वाच.

बाईंची पेटी बिघडलेली नव्हती, बाळा. रेडिओ बिघडलेला नाही, बस नाही, शिट्टी नाही. तू सभागृहात जा. उजव्या कानात बोट घट्ट घाल आणि त्या सप्तकातला न घासलेला एखादा सूर लाव. मग डाव्या कानात बोट घालून तोच सूर लाव. दोन्ही वेळा काय ऐकू आलं ते मला खरं खरं लिही.

पूर्वी एक सनईवाले माझ्याकडे यायचे. त्यांची पेटी मी तीनदा लावली, तीनदा ते परत घेऊन आले. चौथ्या खेपेला मी त्यांना हेच करायला लावलं. आजारपणात एका कानाला इजा झाली होती, तो कान त्यांना भलताच सूर ऐकवत होता. हे मला माहीत होतं, खारू. तुझ्या पहिल्याच पत्रात हेल्मेटचा फटका होता आणि चार बिघडलेले सूर होते, आणि मी मान ताठ करून तुला कानस पाठवली. सगळं जग चुकेल पण आपल्या घरचा कान चुकणार नाही, हा माझा माज. त्यापायी तुझे नऊ दिवस वाया घालवले. मला क्षमा कर.

डॉक्टरला दाखवेपर्यंत गोलात उभी राहू नकोस. दुसरा फटका त्याच जागी बसला तर काय होईल, हे मला लिहवत नाही. उद्याच जा. बाबाला मी सांगणार नाही, हा शब्द दिला. मला दोन ओळी तरी टाक.

काळजीत असलेली,
आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

बोटं घालून बघितलं. उजवा कान एक सांगतो, डावा त्याच्याहून चढा. मग घड्याळ डाव्या कानाला लावलं. टिकटिक ऐकू येत नाही. उजव्याला येते. झालं तुझं समाधान?

म्हणजे चांगली पेटी मी बिघडवली. बाईंना जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यांनी नुसतं पेटीचं झाकण लावून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण रविवारी मी खेळणार. एकच सामना आहे, सत्तर मिनिटं. सोमवारी डॉक्टरकडे जाते, तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जाते. पहाटे पाचला उठून सहा वर्षं मी या एका दिवसासाठी घालवली. माझ्या जागी जी उभी राहील ती लिंबू, सोळा वर्षांची. चेंडू आला की डोळे मिटते. तिला उभी करू का?

तू बाबांना सांगितलंस तर ते मला उचलून घरी नेतील आणि पुन्हा कधी स्टिकला हात लावू देणार नाहीत. तसं झालं तर मी तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. हे रागानं लिहीत नाही. घाबरून लिहिते आहे.

खारू


२२ फेब्रुवारी, शुक्रवार

चि. खारू हिस,
आशीर्वाद.

हे पत्र समोरच्या शिंपीणबाईंच्या हाती देते आहे, त्या आज तिकडे निघाल्या आहेत. टपालाचा भरवसा धरायला आता दिवस नाहीत.

काल संध्याकाळी तुझ्या घरी जाऊन आले. दादासमोर बसून चहा घेतला, वहिनीनं नवीन पडदे दाखवले, आणि तशीच उठून आले. आज सकाळी पुन्हा गेले. दादानं विचारलं की काही हवंय का. नाही म्हणाले. शब्द देऊन ठेवला की असं होतं.

पण हा शब्द मी आता मोडणार आहे, आणि तुला सांगून मोडणार आहे. उद्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत तू स्वतः दादाला फोन केलास तर मी मध्ये पडणार नाही. सहा वाजून गेले की मी त्याच्या दारात असेन, आणि तो पहिल्या गाडीनं निघून सामन्याआधी मैदानावर पोचेल. तू पायरी चढली नाहीस तर मी रोज त्या पायरीकडे बघत बसेन. ते चालेल मला. तुला एका बाजूनं कायमचं ऐकू येईनासं झालं आणि मी गप्प बसले होते, हे चालणार नाही.

तू घाबरली आहेस, हे लिहिलंस ते बरं केलंस. मीही घाबरले आहे.

तू रागावलीस तरी तुझीच,
आत्या


२५ फेब्रुवारी, सोमवार

ती. आत्यास,
खारूचा सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळी तुझं पत्र मिळालं. वाचलं, घडी घातली आणि तशीच सरावाला गेले. तुझ्याशी मनातल्या मनात भांडत पॅड बांधले.

तिसऱ्याच पेनल्टी कॉर्नरला बुलेट डावीकडून ओरडली की चेंडू माझा, तू थांब. ती दोनदा ओरडली, असं सगळ्या सांगतात. मला काही ऐकू आलं नाही. मी पूर्ण जोरानं पुढे झेपावले आणि माझं पॅड बांधलेलं पाऊल तिच्या गुडघ्यावर बसलं. ती रडत नाही कधी. त्या दिवशी रडली. सगळ्या मला विचारत होत्या की तुला ऐकू आलं नाही का. आजवर मला वाटत होतं की डोकं माझं, कान माझा, फटका बसला तर मला बसेल.

चार वाजता सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सर भडकले. आधी का नाही बोललीस म्हणून इतकं बोलले की बाहेर पोरी गोळा झाल्या. मग स्वतःच स्कूटरवर डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी यंत्र लावून तासभर तपासलं. आतल्या शिरेला मार बसला आहे. औषधं दिली आहेत. गेलेलं सगळं परत येणार नाही, थोडं येईल, किती ते दोन महिन्यांनी कळेल. लगेच यायला हवं होतं म्हणाले. तुझे नऊ दिवस त्यात आहेत, तर माझे पंचवीस आहेत. तेव्हा क्षमा वगैरे मागू नकोस.

रविवारी मी बाकावर बसले. लिंबूनं पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि नंतर तिला काय झालं कोण जाणे, डोळे उघडे ठेवून उभी राहिली. आम्ही हरलो. निवड समितीनं तिचं नाव लिहून घेतलं. मला आनंद झाला असं लिहिणार नाही. न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले. बुलेट लंगडत आली आणि दाराबाहेर बसून राहिली.

आणि बाबा. शनिवारी पावणेसहाला रेक्टरबाईंच्या टेबलावरून फोन केला. त्या उठून बाहेर गेल्या, हे त्यांचे उपकार. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि ओरडा खायला तयार राहिले. बाबांनी एवढंच विचारलं, की कुठला कान. मी डावा म्हटलं. तर म्हणाले, बरं, म्हणजे भेटायला येईन तेव्हा कुठल्या बाजूला बसायचं ते कळलं.

येत्या रविवारी ते येत आहेत. तूही ये, आणि उजवीकडची जागा त्यांना दे.

तुझा लोभ कधीच न सोडणारी,
खारू