ज्याची सही, त्याची सीट

४ जून, स. ९.३०
लढाऊ विमानात आता दुकानात मिळतो तसला तयार स्क्रीन बसवणार. स्वस्तात काम. आमच्या टेस्टिंग रूमने तो कंपनाच्या टेबलावर चार तास हलवायचा, टिकला तर सही. मी चाळीस मिनिटं हलवला. टिकला. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, शितावरून भाताची परीक्षा. सही केली.

५ जून
नव्या साहेबांचा नवा नियम: ज्याची सही, तो पहिल्या उड्डाणात मागच्या सीटवर. उत्तम. लोकांना जबाबदारी कळेल.

५ जून, दु. ३
ज्याची सही म्हणजे मी.

७ जून
घाबरलेलो नाही. पोट बिघडलंय. बायकोला सांगितलं, मोठा मान मिळतोय. ती म्हणाली, मग दोन दिवस ताट तसंच का उठतंय?

८ जून
उड्डाण बारा तारखेला. निश्चय: उद्या लवकर जाऊन उरलेले तीन तास वीस मिनिटं गुपचूप पूर्ण करायची. बोभाटा कशाला?

९ जून
गेलो. स्क्रीन विमानात बसवूनही झालाय. वैमानिक भेटला, पोरगेलाच आहे. म्हणाला, "काका, तुम्ही मागे बसणार म्हटल्यावर मी निर्धास्त."

१० जून, स. ६
डॉक्टरची चिठ्ठी आणावी. चक्कर येते म्हणून. खोटंही नाही.

१० जून, स. ६.२०
मी सुटेन, पण तो पोरगा तर जाणारच. भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

११ जून
साहेबांना सांगितलं. आधी टेबलाला दोष दिला, मग खरं ते. साहेब म्हणाले, "तो स्क्रीन तिसऱ्या तासाला बंद पडला. बाईंनी दुसरा तपासून बसवलाय. तुम्ही स्वतःहून येता का, बघत होतो." बाई म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या, बारा वर्षांनी ज्युनियर. माझा तपासलेला स्क्रीन त्यांनी का तपासला, असं जरा कडकच विचारलं. साहेब म्हणाले, "तुमची सही झाली की बाईंनी परत तपासायचं, ही इथली नऊ वर्षांची पद्धत आहे."

१२ जून
सही बाईंची, सीट बाईंची. मला शिडी धरायला सांगितलं. विमान वर असेपर्यंत जागचा हललो नाही. चाळीस मिनिटांनी विमान सुखरूप उतरलं. शिडी मी पुन्हा पुढे होऊन धरली. बाई दुसऱ्या पायरीवर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, शिडी फार हलतेय, दुसऱ्या कोणाला तरी धरू द्या.