रिकाम्या खुर्चीचं अभिनंदन

लेउवार्डन, रविवार

प्रिय यित्स्के,

फेनाला, तुझ्या थोरल्या बहिणीला, तू स्त्रीबीज दिलंस. त्याची तुला पडलेली खरी किंमत म्हणजे पोटात टोचून घेतलेल्या सुया, एक शस्त्रक्रिया आणि त्यातून जन्मलेल्या माइकेचे चुकलेले सगळे वाढदिवस. त्यातले वाढदिवस माझ्यामुळे चुकले. "लांबच राहा, पोरीचा गोंधळ होईल," असं मीच म्हणालो होतो. सायकली विकून मोठा झालेला माणूस मी. आपल्या घरात माझ्या शब्दाआधी काही हलत नाही!

आज माइके चार वर्षांची झाली. आम्ही गोल करून बसलो होतो आणि आपल्याकडच्या वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते, कुणाचं लेकीबद्दल, कुणाचं नातीबद्दल. माइके एका रिकाम्या खुर्चीशी थांबली.

"आजोबा, यित्स्केमावशीचं राहिलं की! मी तिच्या बीजातून आले ना?"

मी फेनाकडे बघतच राहिलो.

"बाबा, तोंड मिटा, माशी जाईल," ती हसली. "तिला पहिल्यापासून ठाऊक आहे."

कुणाचा केकचा घाससुद्धा अडला नाही. अगं, शनिवारीच ये. माझी परवानगी आहे.

तुझा,
बाबा

ता.क. पत्र टाकायला निघालो, तर फेना म्हणाली, माइकेने तुला सकाळीच फोन केला आणि तू गाडीत बसलीसुद्धा आहेस.