पाच वारांचे उपास

माय, उपासाच्या दिवशी बायकोनं नवऱ्याच्या अंथरुणाकडे जायचं नसतं, हे माझ्या लग्नाच्या वेळी तूच मला शिकवलंस. त्या नियमाचा तू स्वतः काय उपयोग करून घेतलास, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी पहिल्या बाळंतपणासाठी मूल गावाजवळच्या आपल्या घरी आले होते आणि तुझी पाळी जाऊन वर्ष झालं होतं. सोमवार तुझा आधीपासूनचाच. त्यात गुरुवार आला, मग शनिवार, मग मंगळवार आणि शुक्रवारही. चुलीपुढे बसून तू आम्हाला भात वाढायचीस आणि स्वतः चार शिंगाडे खाऊन बांधीत धानाच्या रोवण्याला जायचीस. गावातल्या बाया तुझ्या पाया पडायच्या. मलाही केवढा अभिमान! एकदा बैलांना पाणी दाखवताना बाबांनी विचारलं, "तुही माय माह्यावर रागावली काय वो?" मी ठसक्यात म्हटलं, "रागावते काऊन? देवाचं करून राह्यली." ते बैलांना घेऊन गोठ्याकडे वळले. दोन वर्षांत तुझी काडी झाली आणि साध्या तापात तू गेलीस.

तीसेक वर्षांनी माझी पाळी गेली, आणि तिच्याबरोबर तिथला ओलावाही. लघवीला आग, आणि नवरा जवळ आला की चिरल्यासारखं दुखणं. मी काय केलं? सोमवार धरला. मग गुरुवार. तिसरा वार ठरवायला कॅलेंडरापुढे उभी राहिले आणि तू आठवलीस. मला तुझा रागच आला. तशीच चपला घालून दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेले, उपाशी मरायचं नाही असं ठरवून.

"पाळी गेली का असं होते बाई, लय जणींले होते," त्या म्हणाल्या. "तिथं साबण लावू नोका, साध्या पाण्यानं धुवा. चोख खोबरेल लावत जा. अन् मालकाले सांगा, घाई नोको. तरी आग राह्यली, नाई तं रक्त दिसलं, तं डॉक्टरनीले दाखवा."

पाणी आणि तेल त्याच दिवशी जमलं. नवऱ्याला सांगायला आठ दिवस लागले. अंगणात मोहफुलं वाळत घालताना एकदाचं सांगून टाकलं. ते फुलं पसरत राहिले आणि खाली पाहूनच म्हणाले, "मले वाटे, मीच तुले नकोसा झालो." त्यांच्या तोंडून मला बाबाच ऐकू आले.

आता दुखत नाही. विशीतलं काही परत आलं नाही, पण दोघं एका अंथरुणावर आहोत. गुरुवार सोडला. खोबरेलाची बाटली भिंतीतल्या देवळीत सगळ्यांना दिसेल अशी ठेवते, कोणी विचारलं तर सांगते. लेकीलाही सगळं सांगितलं. ती लाजून उठायला लागली, तर हात धरून बसवलं.

तुला लिहिलेला हा कागद टपालात टाकायचा नाही, बाटलीखाली घडी करून ठेवीन. एक मात्र नर्सबाईंना, नवऱ्याला, कोणालाच सांगितलेलं नाही. त्या बाळंतपणाच्या आधी विहिरीवर तू माझ्याजवळ बसलीस आणि हळूच म्हणालीस, "पोरी, मले तिथं लय आग होते वो. कोणाले सांगू?" मी ऐकलं होतं, माय. ऐकलं, आणि कळशी अर्धीच भरली असताना उचलून घराकडे चालू लागले.