राक्षसाचा माणूस होईपर्यंत

ता. ४ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. आम्ही ठीक. बेकरी जोरात चालली आहे, माझे गुडघे कुरकुरतात, पण ते जुनंच.

पत्रास कारण, काल आपला सिनेमा पाहिला. तोच, कार्टूनचा, गिरणीतल्या राक्षसाचा. शाळेच्या हॉलमध्ये चादर टांगून दाखवायचे आणि आपण पुढे बसण्यासाठी एकमेकींना ढकलायचो, तो. बेकरीसमोरच्या थिएटरात लहान मुलांसाठी लावला होता. म्हटलं जाऊ या, चिमीची आठवण येईल. पोराटोरांत चाळिशीची मी एकटी, हातात गरम पाव घेऊन ऐटीत बसले.

चिमे, डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू! आपल्याला काय आठवतं? नाचणाऱ्या पिठाच्या गोण्या आणि गाणारा कावळा. अगं, तो राक्षस त्यातल्या मुलीला मारतो. सुरुवातीलाच केसांना धरून जिन्यावरून खाली ओढतो. तिचं डोकं पायरीपायरीवर आपटतं, प्रत्येक आपटण्याला ढोल वाजतो आणि पोरं खिदळतात. आपणही खिदळायचो. तिच्या तोंडातून रक्त येतं, तर चित्रकारानं त्याचं गुलाबाचं फूल केलंय. वर तो मेला कावळा तिला सांगतो, बर्फ वितळेपर्यंत तोंडातून आवाज काढू नकोस, मग राक्षसाचा माणूस होईल. ती काढत नाही. तो माणूस होतो. लग्न, टाळ्या.

मी उठून मोठ्यानं म्हटलं, अगं बोंब मार की भवाने! डोअरकीपरनं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी आल्यावर आपला खेळ आठवला. एकमेकींना चिमटे काढायचे, जिचा आवाज निघेल ती हरली. तू कधी हरायची नाहीस. आणि मग तुझं मागचं पत्र पुन्हा काढून बघितलं. अक्षर डाव्या हातानं का काढलं होतंस?

लोभ आहेच, काळजी वाढली आहे.
तुझी ताई

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुला थिएटरातून बाहेर काढलं हे वाचून हसता हसता पुरेवाट झाली. बरगडी दुखते म्हणून जरा बेतानंच हसले.

ताई, असे सिनेमे मोठेपणी बघूच नयेत. शेवट गोड होतो ना, मग झालं. आणि अक्षराचं म्हणशील तर उजव्या मनगटाला कपाटाचं दार लागलं. गणवेशांच्या ऑर्डरी आहेत, डाव्या हातानं इस्त्री करायलाही शिकले.

हे मनानं वाईट नाहीत गं. आवाज सहन होत नाही त्यांना, तेवढंच. भांडं पडलं, मशीन खडखडलं, की डोकं फिरतं. आपण गप्प राहिलं की निवतात. मग स्वतः पट्टी बांधतात, रडतात, माझ्या पायांवर डोकं ठेवतात. तेव्हा बघशील तर इतका चांगला माणूस शोधून सापडणार नाही.

छकुली आता पहिलीत आहे. इतकी शहाणी आहे, घरात असून नसल्यासारखी. राक्षसाची गोष्ट सांगून आपला खेळ तिला शिकवला. माझ्यापेक्षा सरस निघाली, हूं नाही की चूं नाही.

पत्रं ह्यांच्या हाती पडतात, म्हणून जरा जपून लिही. राग मानू नकोस, माया असू दे.
तुझी चिमी

ता. १७ फेब्रुवारी

चि. चिमीस आशीर्वाद, आणि जावई वाचत असतील तर त्यांना काहीही नाही.

जपून लिहिणार नाही. जावईबापू, भट्टीतून पाव काढायचं फावडं माणसाच्या उंचीचं असतं. माझ्या बहिणीला पुन्हा हात लावलात तर त्याच फावड्यानं तुमची बत्तीशी बाहेर काढीन.

चिमे, बरगडी, मनगट, गेल्या वर्षी दात. कपाटाला काय हात फुटलेत? बेकरीच्या वरची खोली मी झाडून ठेवली आहे. पोरीला उचल आणि आहेस तशी नीघ.

वाट बघते. दुसरं काही लिहायला सुचत नाही.
ताई

ता. २३ फेब्रुवारी, दवाखान्यातून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आम्ही दोघी जिवंत आहोत. हे आधी सांगते, मग बाकीचं वाच.

तुझं पत्र शनिवारी दुपारी त्याच्या हाती पडलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, तुझा आवाज काढून. मग माझं डोकं धरून शिलाई मशीनवर आपटलं, आणि थांबेचना. डोळ्यांत रक्त उतरलं, मला काही दिसेना. मी गप्प होते. नेहमीसारखी मनात म्हणत होते, आता निवेल, आता निवेल.

छकुली दाराची चौकट धरून उभी होती. त्याचं लक्ष गेलं आणि त्यानं दार लाथेनं लोटलं. बोटं आत होती. ताई, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तिचा नाही ऐकला. ओठ घट्ट मिटून ती माझ्याकडे बघत होती. शाबासकीची वाट बघत होती.

मग मात्र मी बोंब ठोकली. अशी की सगळी इमारत धावून आली. लोक दार तोडेपर्यंत तो माझा गळा आवळत होता. हाताला तापलेली इस्त्री लागली, ती मी त्याच्या गालावर दाबून धरली. कातडं चरचरलं. आवाज सहन न होणारा तो माणूस पहिल्याच चटक्याला गुरासारखा ओरडला. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

पोलीस येऊन गेले. सगळं सांगितलं, इस्त्रीचंही. तो इथेच खालच्या मजल्यावर आहे, बाहेर शिपाई बसवलाय. माझ्या डोक्याला टाके आहेत. छकुलीची तीन बोटं मोडली.

डॉक्टरीणबाई बोटं सरळ करत होत्या, तरी पोर गप्प. त्या घाबरल्या, म्हणाल्या, बाळा, दुखतंय तर रड की. तिनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, रडले तर बाबा माणूस होणार नाहीत ना?

मी सांगितलं, नाही होणार. तू रड.

तेव्हापासून रडते आहे, ताई. सगळा वॉर्ड वैतागलाय, नर्स दोनदा येऊन गेली. मी तिला गप्प करत नाही.

सोडतील तशा निघतो.
तुझी चिमी