मच्छिंद्रची टोचणी

मुंबई, ता. ६ मे १९७३

ती. अक्कास,
धाकट्या सावळारामचा जयभीम वि. वि.

तुझा दीर मच्छिंद्र माझ्याच खोलीत हाय आन् खुशाल हाय. दुष्काळी कामावर खडी फोडण्यापरीस विमानतळ बरा म्हणतो. विमान उतरलं की संडासाच्या टाकीला नळी लावून ती रिकामी करायची, आतून झाडलोट करायची, हे आम्हा ठेक्यावरच्या माणसांचं काम. रोज विमानात चढतो आन् रोज जमिनीवरच राहतो, म्हणून आम्ही त्याला चिडवतो. तुझ्या सासूबाईंना, रतनबाई आत्यांना सांग, विमानातल्या गोड गोळ्या लेकानं आईसाठी साठवल्यात.

एक काळजी हाय. देशोदेशी पटकीची, कॉलऱ्याची, साथ हाय. हापिसरांना, हवाई सुंदऱ्यांना टोचून झालं. आम्ही विचारलं तवा ठेकेदार म्हणाला, लस संपली, आली की बघू. आजारी माणसं उतरली की ते विमान मात्र आम्हीच धुतो.

दाजींस जयभीम. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा सावळाराम

दौंड, ता. १४ मे

चि. सावळारामास अक्काचे अनेक आशीर्वाद.

मच्छिंद्रचं जमलं! तळेगाव ढमढेऱ्याची मुलगी, नाव जाईबाई. तिनं हळूच विचारलं म्हणे, नवरा विमान चालवतो का. सासूबाई हसून हसून दमल्या. पावसाआधी लग्न उरकायचं म्हणतात.

तुझ्या दाजींना रेल्वेत मागंच टोचलं. मग तुम्ही काय माणसं न्हाई? टोचून घेतल्याबिगर मच्छिंद्रला त्या टाकीजवळ जाऊ देऊ नको. ठेकेदाराशी भांडायचं तर भांड, पण गोडीनं. तुझी जीभ लई तिखट.

दोघांनी वेळेवर जेवा. आठवण ठेवणारी,

अक्का

मुंबई, ता. ३ जून

ती. अक्कास जयभीम.

तार मिळालीच असंल. तारेत सगळं कुठं मावतं?

मच्छिंद्रनं त्या दिवशी पुन्हा टोचणी मागितली, लग्न जमलंय असंही सांगितलं. ठेकेदार हसला. म्हणाला, नवरदेवाला कसली पटकी व्हायची? मग परदेशातून विमान आलं. आतला एक प्रवासी उलट्या-जुलाबानं बेजार होता. त्याला खाटेवरून नेलं आन् आम्हाला टाकीवर पाठवलं. नळी निसटली. मच्छिंद्र छातीपर्यंत भिजला. हातपाय धुवायला प्रवाशांच्या नळावर गेला, तर पहारेकऱ्यानं हाकलला.

दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले. साथीच्या दवाखान्यात मला दाराबाहेरच उभं केलं. तो गेला हेसुद्धा आतल्या झाडूवालीनं सांगितलं. प्रेत दिलं न्हाई. प्रेताची गाडी कुठं गेली ते कुणी सांगंना.

मग आम्ही कुणीच विमानाला हात लावला न्हाई. आत माणसं घामाघूम झाली, बाहेर हापिसर पळाले. दुपारच्या आत डॉक्टर आला, टेबल मांडलं, लस काढली. बाहेरून न्हाई आली, अक्का. तिथंच बर्फाच्या कपाटात होती. रांग लावून आम्हा सगळ्यांना टोचलं. मीही हात पुढं केला. आन् माणसं चिथावली म्हणून दुसऱ्या दिवसापासून मलाच फाटकाबाहेर काढलं.

कवठ्याला आईकडं निघालोय. तुझ्यासमोर यायला धीर होत न्हाई.

सावळाराम

दौंड, ता. १० जून

चि. सावळारामास आशीर्वाद.

तू धीर करून ये. दाजी तुला बोल लावत न्हाईत. जाईबाईच्या बापानं दुसरं स्थळ बघायला घेतलंय. त्यांचा तरी काय दोष?

ठेकेदाराचा माणूस सासूबाईंसाठी लुगडं घेऊन आला होता. म्हणाला, मच्छिंद्रचं सगळं रीतीनं झालं. दाजींनी लुगड्यासकट त्याला घालवला. सासूबाई एकच विचारतात, अग्नी कुणी दिला, त्रिशरण कुणी म्हटलं? मी सांगून बसले, सावळारामनं. तवा कुठं त्या पेज प्यायल्या. आलास की तूही तसंच सांग. तुझ्या बहिणीचा एवढा शब्द राख.

अक्का

कवठे येमाई, ता. १५ जून

ती. अक्कास जयभीम.

रविवारी येतो. पण तसं सांगणं माझ्या तोंडून व्हायचं न्हाई. सगळं रीतीनं झालं, हेच तर ठेकेदाराला आपल्याकडून ऐकायचं हाय. तू आन् मीही तेच म्हटलं, तर मच्छिंद्रचं काय झालं हे सांगणारं कुणी उरत न्हाई.

आत्यांना सांगेन, त्यांच्या लेकाला कुणीतरी, कुठंतरी जाळलं, आन् मी दाराबाहेर उभा होतो. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, हाकलावं. हाकललं न्हाई, तर तिथंच त्यांच्याजवळ बसून त्रिशरण म्हणू.

तू रागावशील. रागाव, पण दार उघडं ठेव.

तुझा
सावळाराम