कोयता वडिलांच्या हाती

चाचा, काल पोलीस चौकीत दुकानदारांची बैठक झाली. कोयते कोणास विकावेत, कोणास विकू नयेत, याची साहेबांनी आम्हांस समज दिली. शेवटी म्हणाले, "रस्त्यावर कोयते नाचवणारी ही पोरं बघा, घरात बापाचा पत्ता नसतो." मी उभा राहिलो. "साहेब, माझ्याही घरात नव्हता. मला केव्हा आत टाकता?" सगळे हसले. मी थट्टा केली नव्हती.

वारजे तेव्हा गाव होते. तिथले शेतकरी मुलांना घेऊन शनिवार पेठेत आपल्या दुकानी येत, आणि आपण कोयता नेहमी वडिलांच्याच हाती देत असा. मी मात्र एकटा आलो होतो, चौथीतून शाळा सोडलेला. वडील आईला टाकून गेले, यावरून गल्लीतला एक इसम तिला नको ते बोलला होता. त्याचा हिशेब मला चुकता करायचा होता. ऐरणीवरून मान वर न करता आपण म्हणालात, "बापाला घेऊन ये."

"बाप नाही."

"मग कोयताही नाही. भाता आहे. ओढतोस?"

मी रागाने ओढला. संध्याकाळपर्यंत राग दमला. दुसऱ्या दिवशी उशिरा आलो, तेव्हा आपण गिऱ्हाइकांदेखत खडसावलेत, "कुठे होतास रे?" तोवर हे मला कोणी विचारलेच नव्हते. आई चार घरची धुणीभांडी करत होती. तिला विचारायला सवड कुठली? म्हणून मी ठामपणे सांगतो, वडील नसल्याने मुलगा गुन्हेगार होत नाही. त्याची चौकशी करणारे कोणीच नसेल तर होतो, मग वडील घरात का बसलेले असेनात.

गेल्या महिन्यात एक मुलगा दुकानी आला. मिसरूड नुकते फुटलेले.

"आजोबा, कोयता दाखवा."

"वडिलांना घेऊन ये."

"ते गेले सोडून."

"काय कापायचे आहे?"

हल्ली निखारे विजेच्या पंख्यावर फुलतात. पंखा बिघडला आहे असे सांगून आपण वारल्यापासून माळ्यावर पडलेला आपला भाता मी काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"ही काय जिम आहे का?"

"आहे. फी माफ."

तेव्हापासून तो रोज येत असे. आज आला नाही. साहेबांपुढे जे बोललो, त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. परंतु हे पत्र कोणत्याही पेटीत पडायचे नाही, म्हणून लिहितो: उद्या तो दारात दिसला, तर आपल्यासारखे "कुठे होतास रे?" म्हणून खडसावणे मला जमेल, याची खात्री वाटत नाही.